काकांचं बोट आणि एंटरचं बटण

सॉफ्टवेअर दोन वर्षांत जुनं होतं, किस्से मात्र होत नाहीत. आमच्या सुरतच्या ऑफिसात तर ते इतके साचलेत, की जेवणाच्या सुट्टीत नवीन काही घडलं नाही तरी चालतं. त्यातले हे वैशालीच्या सर्चचे.

सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका साडी-प्रिंटिंग मिलला डिझाइन शोधायचं टूल हवं होतं. आमचे मालक केतनभाई म्हणाले, "माउस नको. रंगाने भरेल." म्हणून काळी स्क्रीन. नाव टाइप करायचं, टाइप करता करता खाली डिझाइनं दिसतात, हवं ते वर आलं की एंटर. डिझाइन थेट छापायला जातं.

वैशाली शिरपूरची, ऑफिसात नवीन. केतनभाईंनी तिला सांगितलं होतं, "मिलने टूल ठेवलं तर तू पक्की. नाहीतर बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे काय, ते आम्ही तिच्या आधीच्या दोघांच्या बाबतीत बघितलं होतं.

*

पहिल्या टूलमध्ये शोध चालू असेपर्यंत स्क्रीन गोठायची. मिलमध्ये कॉम्प्युटरवर नाना काका बसायचे. अमळनेरकडचे, अहिराणी बोलणारे, एका बोटाने टाइप करणारे. त्यांनी 'मोर' लिहिलं, काही दिसलं नाही. पुन्हा लिहिलं. मग लिहीतच राहिले. थोड्या वेळाने सगळे मोर एकदम उमटले, ओळीने.

काकांचा फोन आला, "ताई, आठे मोरेसनी वरात निंघनी शे."

*

मग वैशालीने टाइप करणं आणि शोधणं वेगळं केलं. शोध मागे चालेल, माणूस पुढे टाइप करत राहील. केतनभाईंना तिने समजावलं, "टपरीवर चहा सांगितला की आपण तिथे खांब होऊन उभे राहतो का? गप्पा मारतो. चहा येतो."

केतनभाई म्हणाले, "अने बीच में मैंने कॉफी बोल दी तो?"

"दोन्ही येतील."

"पहले कौन आएगा?"

वैशाली हसली. आम्हीही हसलो. मालक गमतीत बोलतात असा आमचा समज होता.

*

काकांनी 'कैरी' टाइप केलं. प्रत्येक अक्षराला एक नवा शोध सुटायचा. आता 'क'ची डिझाइनं ढीगभर, त्यांचा शोध रेंगाळला. 'कैरी'ची मोजकी, ती आधी आली. काकांनी कैरी बघितली आणि बोट उचललं. बोट एंटरवर पडायच्या आत 'क'चा जुना शोध धापा टाकत पोचला आणि कैरी हटवून स्वतः बसला. त्यात सगळ्यात वर होतं 'कपबशी'. टेबलक्लॉथचं डिझाइन.

कोणाच्या लक्षात येईपर्यंत कापडाचा अख्खा तागा छापून झाला होता. लग्नाच्या साड्या, काठाला कपबश्या.

मिलचे शेठ फोनवर ओरडले नाहीत, याचीच आम्हाला भीती वाटली. "सोमवारे आवीने बतावो," एवढंच म्हणाले. "नहीं तो काली स्क्रीन वापस ले जाओ."

वैशाली त्या दिवशी जेवली नाही. मला तिची खरंच काळजी वाटली. चूक तिची होती, पण टूलही तिचंच होतं, आणि चांगलं होतं.

*

केतनभाईंनी मधेच एक सुधारणा सुचवली. शोध चालू असताना स्क्रीनवर काहीतरी फिरत राहिलं पाहिजे, माणसाला धीर येतो. वैशालीने फिरतं चिन्ह टाकलं. तेही शोधापासून वेगळं चालायचं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये नेटवर्कची वायर निघाली. शोध जागीच मेला. चिन्ह फिरत राहिलं. काका जेवून आले तरी फिरत होतं. आम्ही विचारलं, फोन का नाही केला?

"चाली ऱ्हायनं ना ते," काका म्हणाले.

*

सोमवारी केतनभाई, वैशाली आणि मी सचिनला गेलो. वैशालीने प्रत्येक शोधाला टोकन दिलं होतं, दवाखान्यात देतात तसं. नवं अक्षर पडलं की जुनं टोकन रद्द. उशिरा आलेल्याला दारातूनच परत.

शेठ काकांच्या खुर्चीमागे उभे राहिले. काकांनी 'कैरी' टाइप केलं. शेवटचं अक्षर पडताच कैऱ्या हजर.

काकांनी हात कीबोर्डवरून काढला. तंबाखू काढली, चुना लावला, मळत बसले.

"आटलुं धीमुं? इतना स्लो?" शेठ म्हणाले.

केतनभाई वैशालीकडे बघायला लागले. तिचा चेहरा उतरला. "शेठ, शोध झालाय. काका, दाबा ना."

काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "कैरी उनी ते दिखी ऱ्हायनं, ताई. पन बाकीनं येनं बंद व्हयनं का?"

वैशालीने तिथेच स्टूल ओढलं आणि खाली एक ओळ टाकली. सगळं आलं की स्क्रीनवर दिसणार, 'शोध संपला'. काकांनी पुन्हा टाइप केलं. कैऱ्या आल्या, खाली ओळ आली. काकांनी ती वाचली. मग मागे वळून वैशालीला विचारलं, "हाई खरं शे का?"

"हो, काका."

काकांनी एंटर दाबलं. छापून कैरी आली.

शेठ कापडाकडे बघत राहिले. मग केतनभाईंना म्हणाले, "स्क्रीन भले रही. पण आ बेनने भी राखो. नहीं तो काका दबाएगा नहीं."

वैशालीने मिलच्या दारातूनच घरी फोन लावला. पक्की झाले, म्हणाली. डोळे पुसत होती. आईने विचारलं असावं, आता काम काय असणार?

"एक काका आहेत," वैशाली म्हणाली. "त्यांनी विचारलं की हो म्हणायचं."