पाठ केलेला तक्ता

पुण्यात डोळे तपासून घेणारे खंडीभर आहेत. पण डोळे तपासणाऱ्यांनाच तपासणारे एकच, आणि ते मामेसासरे म्हणून माझ्या वाट्याला आले आहेत. कसबा पेठेतल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर ते उरलेल्या जगाला शिकवतात. रिक्षावाल्याला रस्ता, हॉटेलवाल्याला चहा आणि मला गप्प बसणं. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली. "पडद्यात पाणी साठलंय, दर महिन्याला तपासू, सूज वाढली तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर हे म्हणाले, "नळाला येत नाही आणि डोळ्यात साठतं म्हणे!"

तेव्हापासून दर महिन्याला मी त्यांना घेऊन जातो. आधी डावा डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं वाचायची, मग यंत्रावर हनुवटी टेकवून पडद्याचा फोटो. "हलू नका," म्हणणाऱ्या मुलीला त्यांनी ऐकवलं, "अहो, माझ्या वर्गात कोणी हललेलं नाही, मी काय हलणार?" आणि हलले. तक्ता मात्र घडाघडा वाचत. शेवटच्या ओळीपर्यंत एक चूक नाही.

तिसऱ्या महिन्यात बाई चक्रावल्या. फोटोत सूज वाढलेली आणि वाचन खणखणीत! "इतकं छान दिसतंय, तर इंजेक्शन लांबवू या का?" त्या म्हणाल्या. मामांच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचं तेज पसरलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर बाकावर बसून हे गृहस्थ उघड्या दारातून, चांगल्या डोळ्याने, तक्ता पाठ करत होते! कॉपी करणाऱ्या पोरांना कान धरून वर्गाबाहेर काढणारे हे सर!

मी सांगून टाकलं. मुलीने दुसरा तक्ता लावला. पहिलं मोठं अक्षर आलं, दुसऱ्या ओळीवर गाडी अडली.

"हा अभ्यासक्रमात नव्हता," मामा म्हणाले. कोणी हसलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "मधलं दिसत नाही हो. नुसता डाग आहे."

"कधीपासून, सर?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून. डोळ्यात सुई टोचतात ना तुम्ही."

सुई त्याच दिवशी टोचली, नंतरही बऱ्याचदा. सूज उतरली, काही ओळी परत आल्या. सगळ्या नाही आल्या. मला ते अजून फितूर म्हणतात.

परवा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं. "पायऱ्या सारख्या बांधता येत नाहीत लोकांना," ते पुटपुटले.

पायऱ्या अगदी सारख्या होत्या. मी म्हणालो, "हो ना," आणि प्रत्येक पायरीवर जरा थांबत उतरलो.