पंख सुकेपर्यंत

फोन आला तेव्हा आमच्याकडे दुसरी पंगत बसली होती. नातीचं नामकरण होतं. अमरावतीच्या घरासमोर मांडव टाकला होता आणि माझी मोठी मेहुणी शोभाताई पदर खोचून, वरणाची बादली घेऊन वाढत फिरत होती. फोन इकबालभाईंचा होता, अकोल्याला जुन्या शहरात तिच्या घरासमोरच राहतात ते. "वकीलसाब, भाभी को लेके आ जाओ. दिवाकरभाई उठ नहीं रहे." उठत नाहीत म्हणजे काय, असं मी जरा खेकसूनच विचारलं. ते एवढंच म्हणाले, "बस, आ जाओ." शोभाताईला मी 'दिवाकरची तब्येत बिघडली आहे' एवढंच सांगितलं. तिनं बादली खाली ठेवली, हात धुतले आणि तशीच गाडीत येऊन बसली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, बाई रडली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "टाकी मीनं भरून ठेवली व्हती जी. काठोकाठ. कूलर लावूनच बसा म्हनलं व्हतं."

वरच्या टिनाच्या खोलीत दिवाकर स्टुलावर बसलेला होता, पाठ भिंतीला आणि मान एका बाजूला. कोणी त्याला हलवलं नव्हतं. समोरच्या टेबलावर विमानाचा एक लांब पंख कापडात गुंडाळलेल्या विटांखाली दाबून ठेवला होता. टिनं अशी तापली होती की दारातच माझा घसा कोरडा पडला. कूलर बंद. मी वकील माणूस, अशा वेळीसुद्धा नजर जायची तिथं जातेच. कूलरच्या टाकीत वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ होतं, तिनं भरून ठेवलं होतं तसंच.

दिवाकर माझा साडू. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आमची गाठ. "आपन दोघं एकाच दुकानचे गिऱ्हाईक बे वकील, तक्रार कोनाकडे कराची?" हे तो बायकांसमोर मुद्दाम म्हणायचा आणि दोघींचे फटकारे हसत खायचा. अकोल्याच्या आयटीआयमध्ये फिटर शिकवण्यात त्याची नोकरी गेली. माणूस कसा, तर निरा काटकोनातला. कोणाच्या घरी गेला की चहाच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार. मी नवं घर बांधलं, कौतुकानं त्याला दाखवायला नेलं, तर हा बैठकीच्या दारापाशीच थांबला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "सुतारानं तुले गंडोलं. चौकट गुण्यात नाई." वास्तूच्या दिवशी! माझं डोकं असं फिरलं... पण दुसऱ्या दिवशी गुपचूप गुण्या, सुताराचा काटकोन, लावून पाहिला तर चौकट खरंच तिरपी. अजून तशीच आहे. पावसाळ्यात ते दार लागत नाही, आणि दर पावसाळ्यात मी त्याला मनातल्या मनात शिव्या देतो.

त्याचा दुसरा कायदा त्याहून कडक. मशीनवर जॉब चढला की जागा सोडायची नाही. आयटीआयच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. घंटा होवो, साहेब येवो, शेजारी आग लागो, काम उतरेपर्यंत माणूस कामाजवळ. स्वतःच्या साखरपुड्याला नवरदेव उशिरा आला तो लेथवर काम चालू होतं म्हणून. आमचे सासरे मांडवात लालबुंद होऊन बसलेले आणि हा हातावर काळं ऑइल घेऊन हजर. "कट अर्धा व्हता मामा. सोडला असता तं सगळा जॉब वाया गेला असता." शोभाताईनं जन्मभर त्यावरून त्याला टोमणे मारले आणि त्यानं ते जन्मभर खाल्ले. पण सुधारला? राम राम!

मागच्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला. वाचला. स्टेंट टाकली, गोळ्यांचा डबा आला, आणि डॉक्टरांनी स्कूटर, ऊन, जिना सगळं बंद केलं. असा माणूस घरात बसला म्हणजे घराचे हाल. तो गॅसची शेगडी ओट्याच्या रेघेत लावायचा, चपला रांगेत ठेवायचा. शोभाताई माझ्या बायकोला फोनवर म्हणायची, "या माणसाले कुठी तरी कामाले लावा वं, नाई तं मीच जाईन." शेवटी परदेशातल्या मुलीनं विचारलं, बाबा, तुम्हाला काय पाठवू? हा म्हणाला, विमान. दोन मजली पंखांचं.

त्याचं मूळ हिवरखेडचं. लहानपणी तिथं कपाशीवर फवारा मारणारं विमान आलं होतं म्हणे आणि हा धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, त्याच्या मागं धावला होता. त्या विमानाला एकावर एक दोन पंख होते, हा त्याचा दावा. मी उलटतपासणी घ्यायचो. फवाऱ्याच्या विमानाला एकच पंख असेल, तू पोट्टा होतास, धुरळ्यात तुला दोन दिसले. तो चिडायचा. "तू व्हता का तठी? मीनं पायलं." हा वाद आम्ही गंज वर्षं चालवला, निकाल लागला नाही.

मुलीनं पाठवलेलं खोकं उघडलं तेव्हा मी तिथं होतो. आत विमान नव्हतंच. काड्या होत्या, पातळ फळ्या होत्या आणि दुमडलेला मोठा नकाशा. ते लाकूड हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना. हे सगळं जुळवायचं, पंखाच्या फासळ्या एकेक करून चिकटवायच्या, त्यावर कापडासारखा पातळ पापुद्रा इस्त्रीनं बसवायचा, आत मोटर आणि बॅटरी टाकायची, मग ते रिमोटवर उडणार. दिवाकरनं पहिल्याच दिवशी तीन फासळ्या मोडल्या. आयुष्य कानस मारण्यात गेलेलं, त्या हातांना जोर न लावणं जमेना. पण शिकला. सपाट टेबल पाहिजे म्हणून कोरं दरवाजाचं पल्लं विकत आणलं आणि वरच्या टिनाच्या खोलीत दोन ड्रमांवर आडवं टाकलं. शोभाताई खालून ओरडली, "डागदरनं जिना चढाले मना केलं ना तुमाले?" वरून उत्तर आलं, "चढून नाई राहिलो! एकडाव चढलो, आता जेवालेच उतरीन."

चढला आणि तिथलाच झाला. मी महिन्यातून एकदा जायचो, दर वेळी ते विमान थोडं वाढलेलं असायचं. खरं सांगतो, आजारपणानंतर त्याच्या चेहऱ्यावर जी राख पसरली होती ती त्या खोलीत उतरली. मार्च लागला, टिनं तापू लागली, तेव्हा शोभाताईनं खिडकीत कूलर बसवून घेतला. अकोल्याचा कूलर तो, आवाज ट्रॅक्टरचा. बरोबर टेबलाच्या समोर. त्या गार, ओल्या वाऱ्यात बसून त्यानं वरच्या मोठ्या पंखाचा सांगाडा पूर्ण केला, पापुद्रा तेवढा बाकी होता.

आणि तिथंच घात झाला. एप्रिलमध्ये गेलो तर हा टेबलाशी नुसता उभा. पंख पल्ल्यावर ठेवला होता. तीन कोपरे टेकत होते, चौथ्याखालून आगपेटी सहज सरकली असती. "पीळ पडला," तो म्हणाला. घरात कोणी गेल्यासारखा आवाज. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे साबळे सर माझ्या ओळखीचे, रविवारी असली विमानं उडवतात. मी तिथूनच त्यांना स्पीकरवर फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कूलरसमोर बांधला का?" दिवाकर भडकला, "अकोल्यात मंग कुठी बांधू, फ्रीजमंदी?" साबळे हसले. म्हणाले, हे लाकूड ओलं वारं पितं आणि वाकडं होतं. लोखंडवाल्या माणसाच्या हे ध्यानात येत नाही. उपायही सांगितला त्यांनी. पंख ओल्या स्पंजनं पुसायचा, उलट्या बाजूला पाचर देऊन वजनाखाली दाबायचा आणि कोरडा होऊ द्यायचा. तोपर्यंत त्या खोलीत कूलर नको. नाही तर पीळ तसाच राहील, आणि पिळाचं विमान वर जाताच एका अंगावर कलंडतं.

हे काम त्यानं नेमकं आमच्या नातीच्या नामकरणाच्या दिवशी काढलं. ऊन म्हणून प्रवास नको, हे आम्हालाही पटलं होतं, तेव्हा शोभाताई आदल्या दिवशी एकटीच आली. सकाळी त्याचा मला फोन. "वकील, चढवला बे पंख विटाखाली." मी म्हटलं, लेका, इथं कार्यक्रम आणि तुझे हे उद्योग! खाली जाऊन झोप. तर म्हणाला, "जॉब चढला ना आता." मग शोभाताईनं फोन घेतला आणि कूलरचं विचारलं. "हो हो, लावला," असं तो म्हणाला. तिनं मला हे नंतर सांगितलं, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे गेल्यावर. "आवाज नव्हता जी कूलरचा. पाहुन्याच्या गलक्यात माह्यं ध्यानच नाई गेलं. तो कूलर तं गल्लीच्या टोकालोक आयकू येते..."

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर, त्यात उष्णता सोसली नाही. लोकांनी निकाल देऊन टाकला, विमानापायी गेला. मला इतका संताप आला होता की ते सगळं उचलून मोर्णा नदीत फेकावं. अरे, सुकत होता तो पंख, तू कशाला सुकत बसलास? खाली यायचं, पंख्याखाली पडायचं, संध्याकाळी जाऊन पाहायचं! कोणापुढं करू हा युक्तिवाद? आरोपीच निघून गेलेला.

शोभाताईनं मात्र वरच्या खोलीला कडी घातली. मुलगी आली, राहिली, गेली. तिलाही वर जाऊ दिलं नाही. पंख विटांखाली तसाच. मग काही आठवड्यांनी तिचा मला फोन आला. "भाऊजी, त्या साबळे सरांले घेऊन या. तो पंख सरय झाला का नाई, मले पाहाचं हाय." मी टाळाटाळ केली. का, ते उघड आहे. पंख वाकडाच निघाला तर या बाईनं काय समजायचं? नवरा फुकट गेला? माझ्या बायकोनंही समजावून पाहिलं. ती ऐकेना. "त्यानं जीव लावला त्याच्यात. झालं का नाई एवढं तं कयलं पाहिजे मले." म्हणजे वाकडा निघाला तर फुकट, आणि सरळ निघाला तर निदान काही तरी झालं, असा हिशेब तिनं मनाशी बांधला होता. त्याच हिशेबावर ती उभी होती, हे मला दिसत होतं.

शेवटी मी साबळे सरांना घेऊन गेलो आणि आम्ही तिघं वर चढलो. खोलीत कोंडलेला, लाकडाचा वास. साबळे सरांनी विटा एकेक करून काढल्या आणि खाली ठेवल्या, पाचर काढली, पंख दोन्ही हातांनी उचलला, पालथा-सुलटा केला आणि पल्ल्यावर ठेवला. चारही कोपरे टेकले. शोभाताई पुढं आली. तिनं एका कोपऱ्यावर बोट दाबलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, चौथ्या. पंख हलला नाही. "झाला बाई सरय," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं, सुटलो. आता ही रडेल, मोकळी होईल, आपण खाली जाऊन चहा पिऊ.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "सर, हे सुकाले किती वेळ लागते?"

साबळे माझ्याकडे पाहू लागले. मी मनात ओरडत होतो, एक दिवस म्हण, दोन दिवस म्हण, काय वाट्टेल ते म्हण रे बाबा! पण मास्तर माणूस, त्याच्या तोंडून खोटं निघेना. "ताई, लाकूड फार पातळ आहे... त्यात टिनाखाली, मे महिन्यात..."

"किती?"

"दोन-तीन तास. जास्त नाही."

"म्हंजे सकायीच सुकला व्हता."

इकबालभाईंनी त्याला पाहिलं ते दुपार कलल्यावर. दहा-अकरालाच पंख सरळ झालेला होता, विटा उचलून कूलर लावायला हरकत नव्हती, आणि हा तसाच पहारा देत बसला होता... झालेल्या कामाला.

शोभाताई खाली वाकली. एक वीट उचलली, तिचं कापड नीट केलं आणि होती तिथं पंखावर ठेवली. मग दुसरी. साबळे सर पुढं सरसावले, "ताई, आता त्याची गरज नाही." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटची वीट ठेवून तिनं हात झटकले.

"ओला असन अजून," ती म्हणाली. "राहू द्या."