वीतभर चुकलेलं वर्तुळ

एकतीस वर्षं ती शाळेच्या मैदानावर रेषा आखत आली. कमरेवर पांढऱ्या फक्कीचं घमेलं, खांद्यावर सुती दोरीचं वेटोळं, हातात लोखंडी खुंटी. मुलं तिला फक्कीबाई म्हणत. पुढे शिक्षकही म्हणू लागले, आणि हजेरीपट सोडला तर तिचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

धावण्याच्या वाटा, गोळाफेकीचं वर्तुळ, सगळं ती भर दुपारी आखायची, जमीन कोरडी ठणठणीत असताना. काम झालं की मधली खुंटी उपटून त्या भोकात मूठभर फक्की टाकायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माप कुठून घेतलं ते दिसायला हवं, एवढंच.

मग मैदानावर हिरवा गालिचा अंथरला गेला, रेषा कारखान्यातच छापलेल्या. शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिला चहा पाजला आणि हसत म्हणाले, "चला, वाकड्या रेषांची कटकट संपली एकदाची."

गमतीतच म्हणाले असतील. तीही हसली. पण तो शब्द तिच्या मागोमाग घरी आला आणि ताटासमोर बसला. वाकड्या.

थोरल्या भावाच्या घरात मागची खोली तिची होती. खिडकीतून त्याचा गहू दिसायचा, ओंब्या भरत आलेला. आठ दिवस ती त्या गव्हाकडे बघत राहिली. नवव्या पहाटे धुक्यात दोरी, खुंटी आणि एक फळी घेऊन आत शिरली. खुंटीला दोरी, दोरीला फळी, फळीवर पाय. गव्हाची ताटं मोडायची नाहीत, फक्त निजवायची. उजाडलं तेव्हा काम झालं होतं. गच्चीवर जाऊन तिने खाली पाहिलं.

सुरेख उतरलं होतं. एकात एक तीन कडी. आणि सगळ्यात बाहेरच्या कड्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाच्या वीतभर आत पडलं होतं. तिने उभ्या जन्मात दवात दोरी ओढली नव्हती. सुती दोरी भिजली की आखडते, हे तिला आता कळत होतं.

तोवर दूधवाल्याने फोटो काढलाही होता.

चार दिवसांत बांधावर माणसं मावेनात. उडत्या तबकड्यांचा एक टोपीवाला अभ्यासक आला, त्याने होकायंत्र फिरवलं आणि जाहीर केलं, "हे माणसाच्या हाताचं काम नव्हे." जिथे टोकं चुकली होती तिथे त्याने काठी रोवली. हा म्हणे उंबरठा. वरून येणाऱ्यांनी आपल्यासाठी मुद्दाम ठेवलेला. लोक त्या उंबरठ्याशी डोळे मिटून उभे राहू लागले. एका बाईला तिथे वारलेल्या मुलीचा आवाज ऐकू आला. दादा नवा शर्ट घालून वाट दाखवत हिंडायचा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला काही विचारत होतं.

"दादा, ते मी काढलंय," ती जेवताना म्हणाली.

"तू? जिना चढताना गुडघे धरतेस."

"गुडघे धरूनच काढलं."

"गप बस. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझी चूक तिथे पाया पडून घेतेय, ते मला बघवत नाही."

वहिनीने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्या सकाळी दाराशी पडलेल्या फक्कीबाईच्या ओल्या चपला वहिनीनेच उन्हात ठेवल्या होत्या.

गप्प राहिली असती तर वर्तुळ निर्दोष ठरलं असतं आणि कुणाचंच नसतं. बोलायचं तर आधी चूक कबूल करायची, तीही मुख्याध्यापकांचा शब्द खरा करणारी. रात्रभर हे दोन दगड तिने छातीवर आलटून पालटून ठेवून पाहिले. रविवारी, सगळ्यात जास्त गर्दी असताना, ती दोरी घेऊन शेतात उतरली. गर्दीत मुख्याध्यापकही होते, सहकुटुंब.

"बाई, आत जाऊ नका," टोपीवाला म्हणाला. "तिथली कंपनं बिघडतील."

"बिघडायचं ते बिघडलंय. मी कुठे ते दाखवते."

मधोमध बोटभर भोक होतं. खुंटी त्यात अशी बसली, जशी किल्ली कुलपात. कोरडी दोरी तिने पहिल्या टोकापर्यंत ताणली. मापाची गाठ बरोबर कडेवर.

"योगायोग," टोपीवाला म्हणाला.

"थांबा की जरा. वहिनी, बादली."

वहिनी बादली घेऊन आली. दोरी पाण्यात बुडवून तिने ठेवली, आणि पाच मिनिटं ती सगळी माणसं एका बादलीकडे बघत उभी राहिली. मग ओली दोरी तिने दुसऱ्या टोकाकडे ताणली. गाठ वीतभर आत, त्या टोकाच्या कडेवर.

कुणीतरी खोकलं. मुलगी वारलेली बाई तिच्याकडे असं पाहत होती, जसं काही चोरीला गेलंय. फक्कीबाईने तिची नजर चुकवली नाही. "तुम्हाला ऐकू आलं ते तुमचं," ती हळू म्हणाली. "मी फक्त रेषा काढली."

टोपीवाला सावरला. "त्यांनीच तुमच्या हातून करवून घेतलं असणार. तुम्हाला कळलंही नसेल."

"एकतीस वर्षं माझ्या हाताला मीच कामाला लावलंय. चुकला तेव्हाही मीच लावला होता." मग ती मुख्याध्यापकांकडे वळली. "साहेब, वाकडी रेषा ही. एकच. हिच्या आधीची एक तरी दाखवा."

ते बायकोकडे पाहू लागले.

तिने खुंटी उपटली, पिशवीतून मूठभर फक्की काढून भोकात टाकली आणि दोरी गुंडाळत घरी गेली.

लोक यायचे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फक्कीही चिमटी चिमटीने पुड्यांत बांधून नेली म्हणे. पुढच्या सकाळी भोक रिकामं होतं. तिने नवी मूठ टाकली. ती गेली, तिने पुन्हा टाकली. गहू कापेपर्यंत रोज टाकत राहिली.