गाडीचा फॉल

आमच्या राजूने नवी गाडी घेतली आणि लगेच तिच्या अंगभर पारदर्शक फिल्म चिकटवून आणली. म्हणे, घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडते, रंगाचे टवके जातात. मला हसूच आलं. म्हटलं, "अरे, एवढा निवडून घेतलेला रंग झाकायचा कशाला?" तर म्हणतो, "आई, तुला दिसतेय का ती फिल्म? मग झालं तर!"

पूजेला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक मी अनामिकेने काढलं, आणि त्याच बोटात माझी अंगठी! कुंकवाच्या शेजारी बारीक ओरखडा उमटला. पहिल्याच दिवशी, आणि तोही आईच्या हातून!

राजूने वाकून पाहिलं. "गाडीला काही नाही झालं गं. फिल्मवर गेलाय. उन्हात तापली की ओरखडा आपोआप भरून येतो."

"म्हणजे गाडीला फॉल लावलास की रे!"

साडीचा फॉल बिचारा जन्मभर जमिनीशी घासत राहतो, आणि आपण बायका कौतुक करतो ते काठाचं. मी आजवर इतके फॉल शिवले, पण त्यांच्याबद्दल कधी एक चांगला शब्द काढला नाही.

दुपारी गाडीपाशी खुर्ची टाकून बसले. उन्हात तो ओरखडा हळूहळू दिसेनासा झाला. संध्याकाळी राजू कुंकू पुसायला फडकं घेऊन आला.

म्हटलं, "राहू दे आजचा दिवस. ते स्वस्तिक फिल्मचं आहे."