जागा सोडणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत उपकरणं कमी असली की किस्से जास्त साठतात, असा माझा अनुभव आहे. वसमतच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, पण चहाला बसते शेजारच्या प्राणिशास्त्र विभागात. तिथे विभागप्रमुख शेख सर आहेत, त्यांच्याकडे पीएचडी करणारी सुजाता आहे आणि दोघांच्या त्या लाडक्या पेशी आहेत.

विषय सोपा करून सांगते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. एरवी त्या आपली जागा सोडत नाहीत. पण वाहिनीला आतून इजा झाली की रक्तातून निरोप सुटतो, पेशीच्या अंगावरचे रिसेप्टर तो झेलतात आणि पेशी सरपटत आत निघते. अशा पुष्कळ जमल्या की वाट अरुंद! तो रिसेप्टरच बंद केला तर पेशी थांबेल का, हा सुजाताचा प्रश्न. तिच्या वडिलांच्या, आबांच्या हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिनीत स्टेंट बसवलाय. त्यामुळे हे काम तिच्यासाठी नुसतं पीएचडीचं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

*

पेशी आणायच्या कुठून? तर बकऱ्याच्या हृदयाजवळच्या जाड वाहिनीतून. त्यासाठी सुजाता बर्फाचा डबा घेऊन सकाळीच मटणाच्या दुकानात उभी. शेजारच्या गिऱ्हाइकाला राहवेना.

"ताई, रबरावानी नळी ती, काहून नेऊन राहिल्या? शिजती का ती?"

"शिजवायची न्हाई, काका. पोसायची हाय!"

काका मटण घेऊन निघाले, ते मागे वळून वळून बघतच.

*

पेशींना सदतीस अंश तापमान लागतं. आमचा इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. आणि मे महिन्यात आमची खोलीच त्याच्यापेक्षा जास्त तापलेली! पुस्तकं लिहिणारे मे महिन्यात कधी आमच्याकडे आलेले नसावेत. शेवटी शेख सरांनी घरचा कूलर उचलून आणला आणि इन्क्युबेटरच्या खोलीत लावला.

दुपारी त्यांच्या बेगमचा फोन. आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"बच्चे यहाँ भुन रहे, और तुम कूलर किसको लगाए जी?"

सर शांतपणे म्हणाले, "बकरे को."

*

ताटलीत पेशींचा थर दाट झाला की सुजाता मधोमध एक रेघ खरवडते. दुसऱ्या दिवशी पेशी सरपटत येऊन ती भरून काढतात. रिसेप्टर बंद करणारं औषध घातलं, तर रेघ उघडी राहायला हवी.

पहिल्यांदा ती तशी राहिली, तेव्हा मी भजी मागवली. सुजाता नाचायचीच बाकी होती. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, एक भजं खाल्लं, पुन्हा डोळा लावला.

"सुजाता, या मेल्यात."

"पण सर, हलल्या तर न्हाईत ना!"

"मेलेला मानूस बी हलत न्हाई. त्याला औषध लागू पडलं म्हनायचं का?"

औषध जास्त झालं होतं. थांबणं आणि संपणं दुरून सारखंच दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. भजी मात्र आम्ही संपवली.

*

आबा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. राहायला आखाडा बाळापूरला. एकदा लेकीचं काम बघायला आले आणि मायक्रोस्कोपला जे चिकटले, ते हलेनातच.

"ह्या वाईट हायेत का गं?"

"न्हाई आबा. त्यांना वाटतंय, जखम झाली, भरून काढावी."

"मंग बिचाऱ्यांचं काय चुकलं? भल्यासाठी निघाल्या आन् रस्ता जाम करून बसल्या."

आम्ही कोणी हसलो नाही. मला तर त्या पेशींची दयाच आली.

*

यंदा आबांच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं. स्टेंटची जागा परत अरुंद झाली असावी, ताबडतोब या, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण आबा ऐकतील तर ना!

"माझी पोरगी औषध करून राहिली. तिचं झालं की तेच घेतो."

ताटलीतलं औषध माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, कदाचित येणारही नाही, हे सुजाताने परोपरीने सांगितलं. त्यांचं एकच. "तू कर. मी थांबतो." ती रडकुंडीला आली होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात प्रयोग जमला! पेशी जिवंत, टवटवीत आणि रेघ उघडी. सरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "मुबारक हो, बेटा." सुजाताने लगेच आबांना बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ही दाखवणार.

आबा आले. सुजाताने इन्क्युबेटर उघडला. जमलेली ताटली तिने आतच ठेवली आणि शेजारची, तुलनेसाठी ठेवलेली, औषध न घातलेली बाहेर काढली. त्या ताटलीत रेघेचा मागमूस नव्हता.

"बघा आबा. ही माझ्या औषधाची. रेघ उघडी ऱ्हायला पायजे होती, पार भरून गेली."

सर काही बोलायला गेले. मी त्यांना नजरेनेच थांबवलं.

आबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"म्हंजे, न्हाई जमलं?"

"न्हाई जमलं, आबा."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"येवढं तोंड नको पाडू, लेकरा. गाडी हाय, पडती बंद एखाद्या बारीला. चल, नांदेडला जाऊन येऊ."