मण्यापलीकडची तार

माझ्या घरात मागच्या खोलीत भावजींचा वायरलेस सेट आहे आणि भावजी स्वतः पनवेलला दहाव्या मजल्यावर आहेत. सेट इथे, माणूस तिथे. हे कसं चालतं ते मला नीट सांगता येणार नाही, मी चौथीपर्यंत शिकले. इतकं कळतं की पनवेलला ते कॉम्प्युटरपुढे बसतात, डाव्या हाताने एक लहानशी पट्टी दाबतात, आणि इथे रिकाम्या खोलीत सेट टीं-टीं करायला लागतो. सुरुवातीला मी दचकायची. आता तो वाजला नाही की दचकते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. बोटीवर वायरलेसच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन गावी आले तरी हौस गेली नाही. सरकारी परवाना काढला, कौलांवर लोखंडी पाइप उभा केला आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरती तार ओढली. एक टोक आमच्या फणसाला, दुसरं कुंपणापलीकडे शेजारणीच्या माडाला. रोज सकाळी त्यांच्यासारख्याच हौशी लोकांशी ते बोलायचे. कुणी केरळातलं, कुणी गुजरातेतलं, एखादा थेट रशियातला. बोलायचं तोंडाने नाही, टीं-टीं करून. आमचे हे म्हणायचे, "घरात विचारलं तर हूं म्हणत नाही, आणि रशियाला गप्पा मारतो."

मग भावजींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि जीभ वळेनाशी झाली. डोकं मात्र जसंच्या तसं. मुलगा त्यांना पनवेलला घेऊन गेला. तिथे सोसायटी गच्चीवर साधी दोरी बांधू देत नाही, तार कुठली? मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात कॉम्प्युटरवर असतो. त्यानेच खटपट करून इथल्या सेटला एक काळा डबा जोडला, इंटरनेट घेतलं आणि बापाला पनवेलहून सेट चालवता येईल असं केलं. त्या डब्यात एक बटण जास्तीचं होतं. त्यावर त्याने माझ्या ओटीवरचा बल्ब जोडून दिला. भावजी सकाळी येऊन बसले की बल्ब दोनदा लागतो. म्हणजे, वहिनी, आलो. मी बल्बाकडे बघून "या" म्हणते आणि कामाला लागते.

पुतण्याने बापासाठी दुसरंही एक आणलं होतं. चित्रांची पाटी, मोबाइलसारखी पण मोठी. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की ती "पाणी" म्हणते. भूक, संडास, दुखतंय, असं सगळं त्यात. भावजींनी ती टेबलावरून खाली ढकलली. पुतण्या मला फोनवर म्हणाला, "काकी, मी त्यांच्यासाठीच आणली ना?"

मी म्हटलं, "तुला कुणी म्हटलं संडासाच्या चित्रावर बोट ठेव, तर तू काय करशील?"

वाईट नाही तो. कामावर जायच्या आधी बापाला आंघोळ घालून जातो. पण त्याला हे कळत नव्हतं की घरी येणारा प्रत्येक जण भावजींशी मोठ्याने आणि हळूहळू बोलतो, जसं बहिऱ्या पोराशी बोलावं. सेटवर तसं कुणी करत नाही. तिथे सगळे बोटांनीच बोलतात. तिथे भावजी आजारी नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी बल्ब दोनदा लागला, सेट वाजायला लागला आणि थोड्या वेळाने गप्प झाला. पुतण्याचा फोन आला. "काकी, बाबांचं कुणालाच ऐकू जात नाहीये. जरा सेटसमोर जाऊन फोन धर, व्हिडिओ लावतो."

मी फोन धरला. पडद्यावर भावजी दिसले, दाढी वाढलेली. त्यांनी एकदा टेबलावर टकटक केलं. आमचं ठरलेलं आहे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"काकी, सेटवर एक काटा आहे बघ. बाबा पट्टी दाबतील, तो कुठे जातो सांग."

भावजींनी तिकडे पट्टी दाबली. काटा सरळ उजवीकडे लाल रेघेपर्यंत गेला.

"लालवर गेला."

"मग तारेतच काहीतरी आहे. तार बिघडली की सेट स्वतःला वाचवायला आवाज बारीक करतो. कोपऱ्यातला जाड पांढरा प्लग काढ. दहा मोज आणि परत लाव."

मी काढला, मोजले, लावला. काटा लालवरच. मग डबा बंद केला, चालू केला. इंटरनेटचं यंत्र बंद केलं, चालू केलं. पुतण्या सांगेल ते केलं. शेवटी तो म्हणाला, जोडाला गंज चढला असेल, खाऱ्या हवेने. गावातल्या वायरमनला बोलावलं. तो वर चढला, जुना जोड कापून टाकला, नवा बसवला, त्यावर काळी पट्टी गुंडाळली. दुपार उलटून गेली होती. भावजींनी पट्टी दाबली, काटा डावीकडेच राहिला. वायरमन म्हणाला, "आजी, आता दहा वर्षं बघायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पुन्हा लालवर.

असं बरेच दिवस चाललं. सकाळी बिघाड, संध्याकाळी ठीक. आभाळ भरून आलं त्या दिवशी तर सकाळपासून छान चालला. पुतण्या म्हणाला, ऊन लागून काहीतरी तापत असेल. मी खोलीत पंखा लावून ठेवला. काही नाही. संध्याकाळी सेट नीट चालतो तर तेव्हा बोला, असं मी सुचवलं. भावजींनी दोनदा टकटक केलं. त्यांच्या माणसांची बसायची वेळ सकाळची. मंदिर संध्याकाळी उघडं असलं तरी भजनी मंडळ सकाळचं असेल तर काय करणार?

मग पुतण्याचा फोन आला, या वेळी व्हिडिओ नव्हता. "काकी, रविवारी येतो आणि सगळं सोडवून घेऊन जातो. विकून टाकू."

"का रे?"

"बाबा सकाळभर त्या पट्टीपाशी बसतात. हाक मारत राहतात, कुणी ओ देत नाही. मग दिवसभर जेवत नाहीत. काल ताट तसंच परत आलं. हे रोज बघण्यापेक्षा नसलेलं बरं."

मला राग आला होता, पण त्याला काय बोलणार? ताट परत नेणारा तो, मी नाही.

शनिवारी सकाळी बल्ब दोनदा लागला. मी "या" म्हटलं नाही. खोलीत जाऊन काटा बघितला, लालवर. मग विचार केला, या तारेचं एक टोक रोज माझ्या डोळ्यांपुढे फणसाला आहे, दुसरं टोक मी कधी बघितलंय? शेजारणीची सासू गेली तेव्हा दिवसकार्याला त्यांच्याकडे गेले होते, त्यानंतर गुडघ्यांमुळे त्या बाजूला फिरकले नव्हते. काठी घेतली आणि कुंपणाला वळसा घालून त्यांच्या मागच्या अंगणात गेले.

माडापासून आमच्या तारेपर्यंत बोंबील टांगले होते. ताजे, ओले, चकचकीत. आमच्याकडे बोंबील कसे वाळवतात ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. माडाच्या बुंध्यापासून थोडी नायलॉनची दोरी होती, मग वीज दोरीत उतरू नये म्हणून एक पांढरा चिनीमातीचा मणी आणि मण्याच्या पुढे भावजींची तार. बोंबील दोरीवर होते, मणी ओलांडून तारेवरही होते, जिथवर हात पोचेल तिथवर.

शेजारीण टोपली घेऊन पुढची जोडी अडकवत होती. त्या गेलेल्या म्हातारीची सून. मासे वाळवून ती अलिबागच्या बाजाराला पाठवते.

मी ओरडले, "हात काढ तिथून!"

तिने टोपलीच टाकली. "काय झालं वो काकी? साप हाय का?"

"साप नाही, तार आहे. तिच्यात वीज खेळते."

"तरीच!" ती म्हणाली आणि बोट पुढे केलं. बोटाच्या पेरावर पांढरा डाग होता. "परवा चटका बसला. मी म्हटलं, काटा लागला."

"मग तरी टांगलेस?"

"आता म्हावरा इतका आलाय, टांगू कुटं? आमची वलांडी वाऱ्यानं पडली. दोरी पुरली न्हाय, म्हून फुडं सरकले. ऊन हाय तवर वाळवायचं. दुपारच्याला सुकले का काढतेच ना मी."

वलांडी म्हणजे बांबू आणि दोऱ्यांचा तो मांडव, ज्यावर बोंबील वाळतात. आणि आभाळ आलं की कोण मासे टांगणार? म्हणून त्या दिवशी सेट चालला होता. मी तिथेच पायरीवर बसून हसले. ती म्हणाली, "हसताय काय? माझ्या पोटावर पाय येतोय आनि तुमी हसताय."

रविवारी पुतण्या आला तो पाने-पकडी आणि रिकामी खोकी घेऊन. मी त्याला आधी मागच्या अंगणात नेलं. शेजारणीने तारेवरचे बोंबील काढले नव्हते, मीच सांगितलं होतं, बघू दे त्याला. त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काकी, हे तर जास्तच वाईट. तारेच्या टोकाला माणूस भाजतं. उद्या हिला काही झालं तर? आता तर काढायलाच हवं."

"मना काय बी झालं न्हाय," शेजारीण म्हणाली. "तार वर बांदा ना. इतका मोटा माड हाय, खालीच कशाला बांदलीय?"

"आणि तू टांगणार कुठे?" मी विचारलं.

"ते बी तुमीच सांगा."

पुतण्याने बापाला फोन लावला, सांगायला की आज सगळं काढतोय. मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि बोंबलांसमोर धरला. "भावजी, बघा तुमच्या तारेला काय लागलंय."

पडद्यावर ते पुढे झुकून बघायला लागले. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. पुतण्या घाबरला, "बाबा, काय होतंय?" मला माहीत होतं, ते हसत होते. मग त्यांनी डाव्या हाताने मोबाइलवर लिहायला घेतलं. वेळ लागला. आम्ही तिघं उन्हात उभे. पुतण्याने वाचून दाखवलं: "म्हातारीशी ठरलं होतं. मण्यापर्यंत तुझं, मण्यापलीकडे माझं."

शेजारीण मण्याकडे बघत राहिली. "आत्याबायनी मना सांगितलंच न्हाय," ती सासूबद्दल म्हणाली. "सांगायला वेळच कुटं भेटला तिला? सकाळी मासे टांगले नि दुपारी गेली."

मग माडावर चढणाऱ्याला बोलावलं. पुतण्याने मण्याला लांब नवी दोरी बांधली आणि तारेचं टोक माडाच्या निम्म्याच्या वर नेलं, खालून काठीही लागणार नाही असं. शेजारणीच्या नवऱ्याने माझ्या अंगणात उगवतीच्या बाजूला बांबू पुरले आणि नवी वलांडी बांधली. आता ऊन पडलं की माझ्या दारात बोंबलांचा वास असतो. वास येतो, म्हणून काय झालं? बोंबलाला बोंबलाचाच वास येणार.

हे होईतो दुपार झाली होती. भावजींची माणसं सकाळीच उठून गेली असणार. पुतण्या म्हणाला, "आज राहतो, उद्या उशिरा जाईन कामावर." खोकी तशीच ओटीवर पडली होती, उघडी.

सोमवारी बल्ब दोनदा लागला. आम्ही दोघं सेटसमोर जाऊन उभे राहिलो. टीं-टीं सुरू झालं. काटा डावीकडेच थरथरत राहिला. मग थांबलं, आणि लांबून दुसरं कुणी तरी टीं-टीं करायला लागलं, बारीक, पण स्पष्ट. मग तिसरं. मग भावजी पुन्हा, आणि त्यानंतर इतकं भरभर की मला वाटलं पट्टी तुटते की काय.

पुतण्या म्हणाला, "काय बोलतायत एवढं?"

"मला काय विचारतोस? बाप तुझा. कधी शिकून घ्यायचं होतंस."

सेट थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.

नंतर भावजींनी लिहून पाठवलं. सगळ्यांनी विचारलं की इतके दिवस कुठे होतात. ते म्हणाले, तारेवर बोंबील होते. त्यावर तिकडून कुणी विचारलं, बोंबील म्हणजे काय. बाकीची सकाळ ते समजावण्यात गेली.

निघताना पुतण्याने खोक्यांतलं एक उचललं. शेजारणीने त्यात सुके बोंबील भरून दिले, वर कागद दाबला, म्हणाली, "गाडीत काच खाली करा." संध्याकाळी पनवेलहून पुतण्याच्या बायकोचा फोन आला. मी विचारलं, "जेवले का?"

"दुपारी जेवले, काकी, आणि आत्ता परत ताट मागितलंय," ती म्हणाली. "बोंबील भाजतेय. वास खालच्या मजल्यापर्यंत गेलाय, सोसायटीवाले येतीलच आता."