दोरीपलीकडचं हसू

तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की मला आचऱ्याच्या माळावरचा फिरता सिनेमा आठवतो. गोष्ट साठ सालाच्या आसपासची. माळ माझा होता, म्हणून तंबूवाल्याकडून भाड्याबरोबर मी पुढची एक खुर्चीही कबूल करून घेतली होती. बाकी सगळे खाली वाळूवर, मध्ये बांधलेल्या दोरीच्या अलीकडे पुरुष आणि पलीकडे बायका. चित्रपट खुनांचा होता. त्यातला एक व्यापारी गळ्यावर सुरी आली तरी मारेकऱ्याशी घासाघीस करत राहतो आणि बोलता बोलताच मरतो. मागून कोणीतरी म्हणालं, "मरताना पण भाव करता, आमच्या शेटासारखो." सगळा तंबू हसला. डोक्यावरून नारळ वाहून मी वर आलो होतो, कोणाचं फुकट खाल्लं नव्हतं. त्याची मानगूट धरायला मी उठणार, तेवढ्यात दोरीपलीकडे एक बाई हसू लागली, अगदी मोकळं, आवरता न आवरणारं. आमची शेजारीण तिला दटावत होती, "गप गो वैनी, तुझो घोव खुर्चेर बसलो हा." मी तसाच बसून राहिलो. पडद्यावर पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. घरी जाताना मी बायकोला विचारलं, "काय गो, आवडलो शिनेमा?" "माका खून बघवत नाय," ती म्हणाली, "मी डोळे मिटून बसलंय." भल्याभल्या दलालांना मी बोलतं केलं, पण तिच्यापुढे माझी घासाघीस चालली नाही. ती गेल्यालाही आता वर्षं झाली. तसं हसणं आमच्या घरात मी एकदाही ऐकलं नाही, आणि त्याबद्दल तिला अजून माफ केलेलं नाही.